मुलांच्या खाऊचं खेळकर वेष्टन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळकरी मुलांनी फळं, भाज्या, कडधान्यं आवडीनं खावीत म्हणून वेष्टनाचा उपयोग करावा असं पालकांना, शिक्षकांना, शाळेचं स्वयंपाकघर चालवणाऱ्यांना आणि डिझाइनरांना वाटत असतं. त्यांच्याकडून वरचेवर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

गमतीशीर वेष्टनामुळे मूल पौष्टिक पदार्थ खरंच जास्त खातं का?

मूल पहिला घास घ्यायला तयार होतं, एवढं खात्रीनं सांगता येईल. त्यापुढचं काम पदार्थाच्या चवीचं आणि तो पुन्हा पुन्हा समोर येण्याचं असतं.

वेष्टनाची ताकद किती असते, हे २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसलं. ३ ते ५ वर्षांच्या ६३ मुलांना एकच पदार्थ दोन वेष्टनांत दिला. एक वेष्टन कोरं होतं आणि दुसऱ्यावर मॅकडोनाल्ड्सचं चिन्ह होतं. दोन्हींतला पदार्थ तोच असूनही चिन्हवाल्या वेष्टनातला जास्त चवदार लागला, असं बहुतेक पदार्थांच्या बाबतीत मुलांनी सांगितलं. त्यात गाजरंही होती.

पण २०१० साली ४ ते ६ वर्षांच्या ४० मुलांवर झालेला दुसरा अभ्यासही लक्षात ठेवायला हवा. त्यात बिस्किटं, फळांच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या आणि गाजरं अशा तीन पदार्थांच्या पाकिटांवर मुलांच्या ओळखीची कार्टून पात्रं लावली होती. बिस्किटं आणि गोळ्यांच्या बाबतीत परिणाम ठळक होता, गाजरांच्या बाबतीत फिका. म्हणजे एकच चित्र गोड पदार्थाला जेवढा हात देतं तेवढा भाजीला देत नाही. भाजीसाठी काम करणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्या दिवसापासून धरून चालावी. गाजर मऊ पडलेलं असेल, कापून सुकलेलं असेल, तर वेष्टनावर कितीही मेहनत घ्या, दुसऱ्या दिवशी पाकीट तसंच परत येतं.

सफरचंदावर कार्टूनचं स्टिकर लावलं की मुलं सफरचंदच निवडतात, असा एक प्रसिद्ध अभ्यास आहे ना?

होता. आता तो मागे घेतला आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॉनसिंक यांच्या गटाचा हा लेख २०१२ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर पसरला. अभ्यास ८ ते ११ वर्षांच्या मुलांवर केल्याचं लेखात म्हटलं होतं, प्रत्यक्षात ती ३ ते ५ वर्षांची मुलं होती. २०१७ साली आधी दुरुस्त आवृत्ती छापली गेली आणि नंतर तीही मागे घेण्यात आली. या गटाचे आणखी बरेच लेख पुढे मागे घेतले गेले, आणि २०१८ साली विद्यापीठानं वॉनसिंक यांच्यावर संशोधनातल्या गैरवर्तनाचा ठपका ठेवला.

हे सविस्तर सांगण्याचं कारण असं की शाळांसाठीच्या पुस्तिकांत आणि सादरीकरणांत तो अभ्यास आजही हमखास सापडतो. त्याच्या भरवशावर कुणी तुम्हाला स्टिकरांची योजना विकत असेल, तर थांबा. कल्पना वाईट आहे असं नाही, पण तिच्यासाठी दिलेला पुरावा उभा राहत नाही.

कोणत्या वयात कशाचा उपयोग होतो?

साधारण २ ते ६ या वयात अनोळखी पदार्थ नाकारण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त असते. या मुलांना ओळखीचं काहीतरी हवं असतं, म्हणून दरवेळी तेच पात्र, तोच रंग, तीच उघडायची पद्धत ठेवावी. वेष्टन ओळखीचं आणि आतला पदार्थ नवा, ही जोडी त्यांना झेपते.

७-८ वर्षांच्या मुलांना वाचता येतं, कोडी सुटतात, गोष्टी गोळा करायला आवडतात. कोडं, नकाशा, क्रमशः येणारी गोष्ट, पाकिटाच्या घड्या उलगडून होणारं खेळणं असं सगळं या वयात रंगतं. एक मात्र विसरू नये. साधारण ७-८ वर्षांपर्यंत मुलांना जाहिरातीचा हेतू उमगत नाही. पाकिटावरचं पात्र त्यांना मित्र वाटतं, विक्रेता वाटत नाही. म्हणून या वयासाठी काम करताना जबाबदारी फार वाढते.

१०-११ च्या पुढे बाळबोध चित्रं उलटी पडतात. मित्रांसमोर तसलं पाकीट काढायची लाज वाटते. अमेरिकेत २०१० साली बोल्टहाउस फार्म्स या कंपनीनं लहान गाजरं चिप्ससारख्या झगझगीत पाकिटांत भरली आणि काही माध्यमिक शाळांत ती विकणारी यंत्रंही बसवली. किशोरवयीन मुलांशी त्यांच्याच ढंगात, जरा उर्मटपणानं बोलण्याचा तो प्रयत्न होता. तिथे गोंडस ससा चालला नसता.

पाकिटावर ‘पौष्टिक’ किंवा ‘आरोग्यदायी’ असं लिहावं का?

लहान मुलांच्या बाजूला लिहू नये, असं आमचं मत आहे. २०१४ साली मिखाल मायमरान आणि आयलेट फिशबाख या संशोधकांनी दाखवलं की एखादा पदार्थ खाल्ल्यानं ताकद येते किंवा अभ्यासात उपयोग होतो असं सांगितलं, की बालवाडीतली मुलं तो कमी खातात. मुलांचा तर्क सरळ असतो. ज्या गोष्टीचा इतका उपयोग आहे ती चवीला काय चांगली असणार! मोठी माणसं औषध देताना असंच बोलतात, हे त्यांनी अनुभवलेलं असतं.

याच्या उलट दिसणारा पुरावाही आहे. २०११ सालच्या एका अभ्यासात ४ ते ६ वर्षांच्या ८० मुलांना न्याहारीचा एकच पदार्थ वेगवेगळ्या खोक्यांतून दिला. नावात आरोग्य सुचवणारा शब्द होता तेव्हा तो, साखर सुचवणाऱ्या नावापेक्षा, मुलांना जास्त आवडला. मात्र खोक्यावर कार्टून पेंग्विन आले की नावाचा फरक जवळपास पुसला गेला. मूल आरोग्याच्या नावानं बिचकतंच असं म्हणता येत नाही. ते बिचकतं ते समजावण्याच्या सुरानं.

मग लिहायचं काय? चव, आवाज, स्पर्श. ‘कुरकुरीत’, ‘रसाळ’, ‘चावलं की टचकन फुटतं’. पोषणाची माहिती मागच्या बाजूला, मोठ्यांसाठी, नीट वाचता येईल अशी द्यावी.

खेळकर म्हणजे कार्टूनच ना?

कार्टून हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि बऱ्याचदा सर्वांत दुबळा. पदार्थाशी काही संबंध नसलेलं चित्र मूल पाहतं, चित्राची मजा घेतं आणि पदार्थ बाजूला ठेवतं.

खरी ताकद खाण्याच्या कृतीतूनच खेळ पुढे सरकण्यात आहे. उघडतानाच काही घडावं, म्हणजे झाकण उचललं की प्राण्याचा जबडा उघडावा आणि आत मटारचे दाणे दात म्हणून दिसावेत. पाकिटाला पारदर्शक खिडकी असावी आणि खरं फळच त्या चित्राचं पोट व्हावं. काकडीच्या चकत्या संपत जातील तसं तळाचं चित्र दिसू लागावं. संत्र्याच्या फोडी मोजल्यावर सुटणारं कोडं असावं, ज्याचं उत्तर फळ सोलल्याशिवाय कळणार नाही. या सगळ्यांत मुलाचं लक्ष पदार्थावर खिळतं. हात, डोळे, कान पदार्थाशी ओळख करून घेतात. नव्या भाजीला हात लावणं, ती मोडून पाहणं, हुंगणं हीसुद्धा खाण्याकडे जाणारी पावलं आहेत, आणि ती वेष्टन सहज घडवू शकतं.

एक कसोटी आम्ही नेहमी लावतो. पाकिटातला पदार्थ काढून त्या जागी गोळ्या भरल्या तरी खेळ तसाच चालतो का? चालत असेल तर तो खेळ पदार्थाचा नाही. तो पुन्हा आखावा.

तयार पात्रच हवं असेल तर तेही कधी कधी मिळतं. २०१३ साली अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातली पात्रं ताज्या फळभाज्यांच्या विक्रेत्यांना मानधन न घेता वापरू देण्याची योजना जाहीर झाली. एरवी अशा पात्रांचे हक्क लहान उत्पादकाला परवडत नाहीत. पण मुलांनी स्वतः काढलेलं पात्र घेतलं तर हक्कांचा प्रश्नच उरत नाही, आणि त्या शाळेत तरी त्या पात्राला फार जिव्हाळा मिळतो.

आत छोटी भेटवस्तू किंवा स्टिकर ठेवलं तर?

ही युक्ती जुनी आहे. केलॉग्जनं १९०९ साली न्याहारीच्या पदार्थाबरोबर चित्रांचं हलतं पुस्तक दिलं आणि १९१२ पासून ‘क्रॅकर जॅक’ या गोड लाह्यांच्या खोक्यांत भेटवस्तू येऊ लागल्या. विक्री वाढते यात वाद नाही. सवय लागते का, हा प्रश्न वेगळा आहे.

१९७३ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधीच सांगून प्रमाणपत्र दिलं. पुढे बक्षीस नसताना ती मुलं आपणहून पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. १९८४ साली संशोधक लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाण्यापिण्याच्या बाबतीत असंच दाखवलं. एखादं पेय प्यायल्यावर बक्षीस मिळेल असं ठरवलं की त्या पेयाची आवड घटते.

पण सगळा पुरावा एकाच बाजूला नाही. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात तयार झालेल्या ‘फूड ड्यूड्स’ या शालेय कार्यक्रमात फळं-भाज्या चाखणाऱ्या मुलांना छोटी बक्षिसं देतात, आणि मुलांचं खाणं वाढल्याचं तिथे दिसलं आहे. तिथे बक्षीस चव घेण्यासाठी असतं, त्याच्या जोडीला आदर्श वाटणारी पात्रं असतात आणि पदार्थ वारंवार समोर येतो. म्हणून बक्षीस द्यायचंच असेल तर न आवडणाऱ्या पदार्थाचा पहिला घास घेण्यासाठी द्यावं. जे मूल आधीच आनंदानं केळं खातं त्याला केळ्यासाठी बक्षीस देणं टाळा. आणि गोड खाऊ हे बक्षीस कधीच असू नये. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि मिठाई ही कमाई.

रंग कोणते वापरावेत?

भडक रंगांवाचून मुलं ढुंकूनही पाहत नाहीत हा गैरसमज आहे. भडक पाकिटांच्या गर्दीत मोकळी जागा ठेवलेलं, एकच मोठा आकार असलेलं पाकीट चटकन ओळखू येतं. पदार्थाच्या खऱ्या रंगाशी बेइमानी करू नये. पाकिटावर लालबुंद आणि आत फिकट फोडी असतील तर मूल पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही.

साधारण १२ मुलग्यांमागे एकाला लाल-हिरव्या रंगांत फरक करणं अवघड जातं. ‘लाल भाग ओढा, हिरवा दुमडा’ अशी सूचना त्याला कळत नाही. रंगाबरोबर आकार किंवा खूण द्यावीच.

मुलाला ते उघडता येईल का, हे इतकं महत्त्वाचं आहे का?

फार महत्त्वाचं आहे, आणि याच गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. मधल्या सुट्टीत खाण्याला मिळणारा वेळ मोजका असतो. त्यात हात धुणं, जागा शोधणं, गप्पा. सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत मोठ्यांइतका जोर नसतो. घट्ट चिकटवलेलं प्लॅस्टिकचं पाकीट फाटेना, झाकणाला धरायला कान नाही, शिक्षिका दुसऱ्या कुणाला मदत करताहेत, अशा वेळी मूल सर्वांत सोपं उघडणारं पाकीट घेतं. बहुतेकदा ते बिस्किटांचं असतं. फळाच्या वाटीवर कितीही सुंदर वाघ असो, ती तशीच घरी जाते.

म्हणून पहिला नमुना मुलांच्या हातात द्या आणि स्वतः गप्प बसा. कसं उघडायचं ते सांगू नका. दात लावतात का, कुठून ओढतात, रस सांडतो का, एका हातानं धरता येतं का, ते पाहा. धरायची पट्टी लांब आणि खरखरीत असावी. फाडायची रेघ छिद्रांची असावी आणि कुठून सुरुवात करायची ते बाणानं दाखवावं. संत्र्यासारखं फळ द्यायचं तर साल आधी थोडी सैल करून द्यावी. ज्या मुलांना हातांच्या हालचालींची अडचण आहे त्यांच्याबरोबर ही चाचणी अवश्य करावी, कारण त्यांना जमेल ते सगळ्यांना जमतं. आमच्या मते चित्रकारावर खर्च करण्याआधी या चाचणीवर वेळ खर्च करावा.

सुरक्षिततेचं काय?

छापलेली बाजू अन्नाला लागू देऊ नये. कागदाचे रोल गुंडाळून ठेवले की बाहेरची शाई आतल्या बाजूला उतरू शकते. २००५ साली इटलीत खोक्यांच्या छपाईच्या शाईतला आयटीएक्स हा घटक बाळांच्या दुधात सापडला आणि दुधाचा मोठा साठा बाजारातून काढून घ्यावा लागला. अन्नासाठी मान्यता असलेला कागद आणि शाई वापरा. वर्तमानपत्राचा किंवा कुठल्याही रद्दीचा कागद गमतीसाठी म्हणूनसुद्धा अन्नाला लावू नका.

स्टेपलरची पिन, चकाकणारी भुकटी, सुटे डोळे, मणी हे सगळं वर्ज्य. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत लहान भागांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याची मानतात. शाळेत धाकटी भावंडंही वावरतात, त्यामुळे हाच नियम पाळलेला बरा. द्राक्षं आणि छोटे टोमॅटो लहानग्यांसाठी उभे चिरूनच द्यावेत. अॅलर्जीची माहिती चित्रांच्या गर्दीत लपू नये.

हेच तंत्र वापरून गोड-खारट पदार्थ विकले जातात. मग आपण वेगळं काय करतोय?

हा प्रश्न विचारणाऱ्याचे आभार मानावेसे वाटतात. कॅनडातल्या शार्लिन एलियट यांनी २००८ साली मुलांसाठी म्हणून बाजारात असलेले ३६७ पदार्थ तपासले. मिठाया, शीतपेयं वगैरे उघड गोष्टी आधीच वगळल्या होत्या. तरीही त्यांतले ८९ टक्के पदार्थ साखर, चरबी किंवा मीठ यांमुळे पोषणाच्या दृष्टीनं निकृष्ट ठरले. गंमत, रंग आणि कार्टून हे बहुतांशी अशाच पदार्थांच्या सेवेला आहेत.

काही देशांनी त्यावर थेट पाऊल उचललं. चिलीमध्ये २०१६ पासून साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या पदार्थांवर काळा अष्टकोनी इशारा छापावा लागतो आणि त्यांच्या पाकिटांवर मुलांना भुलवणारी पात्रं चालत नाहीत. तिथल्या न्याहारीच्या खोक्यांवरून केलॉग्जचा प्रसिद्ध कार्टून वाघसुद्धा गेला. मेक्सिकोनंही तोच मार्ग धरला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० आणि पुन्हा २०२३ साली मुलांना लक्ष्य करणाऱ्या अशा जाहिरातबाजीवर बंधनं घालायला सुचवलं आहे.

म्हणून आमचा नियम कडक आहे. खेळकर वेष्टन साखर न घातलेल्या फळांना, भाज्यांना, कडधान्यांना, साध्या दुधाला, पाण्याला. फळांच्या चवीच्या गोळ्या, गोड केलेलं दही, ‘भाजीयुक्त’ तळलेले तुकडे यांना ते मिळणार नाही, मग लेबलवर जीवनसत्त्वं कितीही लिहिलेली असोत. आणि पदार्थात नसलेला गुण चित्रातून सुचवायचा नाही. गाजर खाऊन अंधारात दिसतं असं मुलाला सांगायची गरज नाही, गाजर कुरकुरीत असतं हे पुरेसं आहे.

रोज नवं वेष्टन म्हणजे रोज नवा कचरा, त्याचं काय?

वेष्टन टाकाऊ असलंच पाहिजे असं नाही. रोजचा धुऊन वापरायचा डबा आणि त्याभोवती आठवड्याला बदलणारी कागदी पट्टी, एवढ्यात काम भागतं. केळं, संत्रं यांना तर निसर्गानंच साल दिली आहे. त्यावर पाकीट चढवू नका, बाजूला एक कोड्याची चिठ्ठी ठेवा.

परिणाम झाला की नाही, हे कसं कळेल?

मुलांनी काय घेतलं ते मोजू नका, काय खाल्लं ते मोजा. घेतलेलं सफरचंद एक चावा मारून टाकलेलं असू शकतं. वाढलेलं आणि उरलेलं अन्न वजन करून नोंदवणं हा सर्वांत साधा आणि भरवशाचा मार्ग आहे.

नवं वेष्टन येण्याआधीच्या नोंदी हाताशी हव्यात. शक्य असेल तर एका वर्गात साधं वेष्टन आणि दुसऱ्यात खेळकर, पदार्थ तोच. पहिल्या आठवड्याचे आकडे पाहून हुरळून जाऊ नये, कारण नवलाई कशालाही असते. दोन-तीन महिन्यांनी काय उरतं ते खरं. मुलांच्या समोर वजन करू नका, कुणाच्या डब्यात किती उरलं याची चर्चा तर मुळीच नको. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं २०२३ सालचं प्रमाण जवळ ठेवा: फळं आणि भाज्या मिळून ६ ते ९ वर्षांच्या मुलांना रोज किमान ३५० ग्रॅम, १० वर्षांपासून पुढे ४०० ग्रॅम. शाळेतला एक खाऊ हा त्याचा छोटा भाग आहे.

घरी, काही खर्च न करता हे करता येईल का?

येईल, आणि मुलालाच कामाला लावून जास्त चांगलं येईल. रविवारी मुलाला कागदाच्या पट्ट्या रंगवू द्या, पात्राला नाव देऊ द्या, कोडं रचू द्या. ज्या डब्याची पट्टी आपण केली तो डबा उघडायची उत्सुकता आपोआप असते. पट्टी डब्याच्या बाहेरून गुंडाळा. रोज सजावट करायचा ताण घेऊ नका. सुंदर कापलेल्या भाज्यांचे फोटो पाहून स्वतःला अपराधी समजणाऱ्या पालकांना आम्ही आवर्जून सांगतो, की आठवड्यातून एकदा पुरे.

मूल वेष्टनाशी खेळतं आणि खाऊ तसाच राहतो. मग?

रागावू नका, जबरदस्तीही करू नका. नवी चव अंगवळणी पडायला साधारण ८ ते १५ वेळा चाखावी लागते, काही मुलांना त्याहून जास्त. तोच पदार्थ अगदी थोडा, दोनच तुकडे, काही दिवसांनी पुन्हा ठेवा. खेळ पदार्थापासून सुटा झाला आहे का, हेही तपासा.

हे वेष्टन कायम ठेवायचं का?

नाही. मूल एखादा पदार्थ न कुरकुरता खाऊ लागलं की त्या पदार्थाचं वेष्टन हळूहळू साधं करत न्यावं. आधी कोडं जाऊ द्या, मग चित्र लहान करा, मग फक्त रंगाची पट्टी ठेवा. एकदम काढलं तर काही मुलं बिथरतात, म्हणून दोन पायऱ्यांमध्ये आठवडाभर थांबा. खाणं कमी झालं तर एक पायरी मागे जा. मोकळं झालेलं पात्र त्याच आठवड्यात पुढच्या भाजीला द्या. मुलांना ते ओळखीचं असतं, त्यामुळे नवा पदार्थ अगदी परका वाटत नाही.